लेडलचं पत्रक

आई, तू गेलीस तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. आता राज्य वेगळं झालं, सेक्टर सहाच्या आपल्या क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब राहतं आणि त्यांनी व्हरांड्याला लोखंडी जाळी लावून घेतली आहे. मागच्या हिवाळ्यात मामाही गेला. तो होता तोवर हे लिहिणं मला बरं वाटत नव्हतं, आणि तू होतीस तोवर मला यातलं काही ठाऊकच नव्हतं. आता तुम्हा दोघांतलं कुणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

स्वयंपाकघरापासूनच सुरू करते, कारण तुझी रशियन मी पहिल्यांदा तिथेच ऐकली. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन, लग्न करून तू भिलाईला आलीस. बाबा पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये होते. टाउनशिपमध्ये तेव्हा रशियन इंजिनियरांची कुटुंबं राहायची आणि संध्याकाळी रशियन शिकवायचे वर्ग चालायचे. शेजारणी शिवणाच्या क्लासला गेल्या, तू या वर्गाला गेलीस. पोळ्या लाटता लाटता तू शब्दांची रूपं घोकायचीस आणि आजी पलीकडून विचारायची की ही कोणती पोथी म्हणून राहिली सूनबाई. त्यांच्यातही आपल्यासारख्याच विभक्त्या आहेत, भ्यायचं काय त्यात, असं तू म्हणायचीस. त्या विभक्त्यांवरच तुला प्लांटच्या अनुवाद विभागात नोकरी लागली. सकाळी भाजीवालीशी छत्तीसगढीत घासाघीस, दुपारी रशियनचं इंग्रजी, संध्याकाळी आमच्याशी ‘मले-तुले’. मला ते सगळं एकाच बाईचं बोलणं वाटायचं. माझ्या मैत्रिणी मात्र चकित व्हायच्या.

तुझ्या ऑफिसात मी शाळेच्या सुट्टीत यायची. उंच लोखंडी कपाटं होती, त्यांत पांढऱ्या फितीनं बांधलेली टाइप केलेली भाषांतरं. रशियन नियतकालिकांतले लेख, आपल्या सरकारी प्रयोगशाळांचे अहवाल, भट्ट्या, विटा, कोळसा, रूळ. इंजिनियर येत, हवं ते मागत, वाचून परत करत. बाहेरचं कुणी मागायला येत नसे. कुणी अडवलं होतं असं नाही. तिथे असं काही आहे हेच बाहेर कुणाला माहीत नव्हतं, आणि ते सांगायला हवं असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. तुझ्याही नाही, त्या वर्षीच्या पोळ्याच्या सणापर्यंत.

मामा तुझ्याहून पुष्कळ लहान. शेतात त्याचं मन लागेना म्हणून तू त्याला भिलाईला आणलंस. प्लांटमध्ये भरती नव्हती, तेव्हा तो एका खाजगी ढलाईच्या कारखान्यात लागला. छोटासा कारखाना, टिनाचं छप्पर, मॅनहोलची झाकणं आणि हातपंपाचे भाग ओतायचे. वितळलेलं लोखंड भट्टीतून साच्यापर्यंत ज्या भांड्यातून नेतात, त्या लेडलला आतून मातीचा लेप देणं, तो निखाऱ्यांवर सुकवणं, हे मामाचं काम. हात चांगला होता त्याचा. एका वर्षातच पोरं त्याला मिस्त्री म्हणायला लागली. जेवायला तो आपल्याकडेच असायचा. भात कालवताना त्याच्या नखांत ती पिवळी माती दिसायची आणि आजी त्याला पुन्हा हात धुवायला उठवायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो दुपारच्या पॅसेंजरनं गावी जाणार होता. बैलांसाठी झुली आणि घुंगरांच्या माळा त्यानं दुर्गच्या बाजारातून आणून ठेवल्या होत्या. त्या आपल्या पलंगाखाली होत्या आणि मी येता-जाता पायानं त्या वाजवायची. त्या दुपारी कारखान्यातला एक माणूस सायकलनं सांगत आला. लेडलमध्ये लोखंड ओतलं तेव्हा लेप आतून ओला होता. आतली वाफ कोंडली आणि तापलेलं लोखंड उसळून वर आलं. बाकीची माणसं मागे होती. मामा जवळ उभा होता. त्याचा एक डोळा गेला, दुसऱ्यानं पुढे फक्त उजेड आणि माणसाचा आकार एवढंच दिसायचं. तो तेव्हा पंचविशीचाही नव्हता.

तू हॉस्पिटलातून पुन्हा कामावर गेलीस त्या पहिल्या दिवसाची संध्याकाळ मला आजही दिसते. तू स्वयंपाकघरात आली आहेस, चप्पल पायातच आहे. आजीसमोर तू कधी असं केलं नव्हतंस. बाबा चहा करताहेत. तू ओट्याला टेकून उभी राहतेस आणि म्हणतेस, “तो कागद माह्याच टेबलावर होता. उन्हाळ्यात मीच भाषांतर केलं त्याचं. लेडलचा लेप कसा सुकवायचा, ओला रायला तर कसं ओळखायचं, समदं त्याच्यात होतं. अन् भाऊ रोज इथं पाटावर बसून जेवत होता. मी त्याले एक शब्द सांगितला नाई.” तुले काय माहीत होतं, असं बाबा म्हणाले. तू म्हणालीस, “मले माहीत होतं, हेच तर सांगून राहिली मी.” मग तू चप्पल काढलीस आणि कणीक मळायला घेतलीस.

काही दिवसांनी तू तुझ्या साहेबांकडे गेलीस. ते बंगाली होते, कमी बोलणारे. तू घाबरली होतीस, आणि रात्रीच्या जेवणाला तू ते सगळं जसं सांगितलंस तसं माझ्या लक्षात आहे. तू त्यांना म्हणालीस की हे लेख सरकारच्या पैशानं येतात, मी सरकारच्या पगारावर त्यांचं भाषांतर करते, आणि ज्यांच्या कामाचे आहेत त्यांना ते दिसत नाहीत. साहेबांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले की रशियनांशी झालेल्या करारातली ड्रॉइंगं आणि त्यांबरोबरचे कागद बाहेर जाणार नाहीत, ते आपले नाहीत. पण छापील नियतकालिकांतलं आणि सरकारी प्रयोगशाळांनी सगळ्यांसाठी काढलेलं द्यायला हरकत कसली असणार, आजवर कुणी विचारलंच नव्हतं. रीतसर परवानगी घेऊन देतो, फक्त लिहायचं तर साध्या हिंदीत लिहा, असंही त्यांनी तुला सांगितलं. तू त्यांच्याशी भांडायच्या तयारीनं गेली होतीस आणि भांडायला कुणी नव्हतंच. त्यानं तुला बरं वाटायला हवं होतं. तू मात्र ताटात बोट फिरवत म्हणालीस, “इतकं सोपं होतं तर मी आधी कावून नाई गेली?”

असं ते पत्रक सुरू झालं. महिन्याला एकच पान, स्टेन्सिलवर टाइप करून चक्रमुद्रण केलेलं, शाईचा वास येणारं. पहिलं लेडलचं. मग भट्टीच्या धुराचं, साच्यातल्या वाळूच्या ओलीचं, डोळ्यांवरच्या चष्म्याचं. बाबा स्कूटरवरून कारखान्यांच्या वस्तीत जाऊन चहाच्या टपऱ्यांवर आणि फाटकांवर ते वाटून यायचे. पुढे पॉलिटेक्निकचे मास्तर मागायला लागले, राजनांदगावहून पोस्टकार्डं यायला लागली. मी नववी-दहावीत होते. माझी हिंदी चांगली म्हणून तू मला एकदा मसुदा नीट करायला दिलास. मी शाळेतल्या निबंधासारखी जडजड वाक्यं केली, ‘अग्नि’ आणि ‘सावधानी’ घालून. तू वाचलंस आणि कागद परत माझ्यापुढे ठेवलास. “ज्याच्या हातात लेडल आहे त्यानं हे वाचायचं आहे,” एवढंच म्हणालीस. तू आवाज चढवला नव्हतास, तरी मला रडू आलं. आज माझ्या हाताखालची मुलं मसुदे आणतात तेव्हा तेच वाक्य मी त्यांना थोड्या फरकानं ऐकवते.

ज्यांना वाचता येत नव्हतं ते रविवारी दुपारी आपल्या व्हरांड्यात यायचे. तू वाचून दाखवायचीस, मध्येच छत्तीसगढीत समजावायचीस, आणि ते तुला उलटे प्रश्न विचारायचे. सगळ्यांची उत्तरं तुझ्याकडे नसायची. मग तू ती साहेबांना विचारून पुढच्या रविवारी सांगायचीस. मामा भिंतीला टेकून बसायचा. तो आता सेक्टर दहाच्या बाजारात एका ओळखीच्याच्या दुकानात बसायचा, पोती मोजायचा, फोन घ्यायचा. रविवारी न चुकता यायचा. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तू लेडलचं पत्रक पुन्हा काढायचीस आणि वाचायचीस, आणि दरवर्षी ते वाचताना मामा मधूनच उठायचा आणि भिंत चाचपत मागच्या अंगणात निघून जायचा. तू पान पुरं करायचीस. लोक गेले की स्वयंपाकघरात येऊन नळ सोडायचीस, आणि नळाच्या आवाजात रडायचीस. त्याला तुझा राग आहे, असं तुला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. आपण दोघींनी ते कधी एकमेकींना बोलून दाखवलं नाही.

एकदा कुम्हारीकडच्या एका कारखान्यातला माणूस पेढे घेऊन आला होता, आठवतं? त्यानं लेडलमध्ये लोखंड ओतायला नकार दिला होता, मालक ओरडला तेव्हा भिंतीवर चिकटवलेलं तुझं पत्रक त्याला दाखवलं होतं, आणि मालकानं ते वाचून ओतणं थांबवलं होतं. नंतर लेप फोडून पाहिला तर आत ओल होती. दुसऱ्या कुणाची आई असती तर ही गोष्ट ती जन्मभर सांगत राहिली असती. तू त्याला पाणी दिलंस, पेढा देवापुढे ठेवलास, आणि तो गेल्यावर म्हणालीस की हेच आधी केलं असतं तर. कोणतीही चांगली गोष्ट झाली की तू ती त्या पोळ्याच्या आधी नेऊन ठेवायचीस.

मग रशियन माणसं हळूहळू परत गेली, त्यांचा देशच मोडला, आणि भाषांतराचं काम आटत गेलं. तुझी बदली ग्रंथालयात झाली. तिथूनही तू पत्रक चालू ठेवलंस, दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी, जमेल तसं. तेव्हा मी नागपूरला ग्रंथालयशास्त्र शिकत होते. नोकरी लागली तेव्हा तू मला तुझा रशियन-इंग्रजी तांत्रिक शब्दकोश दिलास, कव्हर निघालेला, हळदीचे डाग पडलेला. मी म्हटलं की मला रशियन कुठे येते. तू म्हणालीस की ठेव, मराठीचे अर्थ समासात लिहिले आहेत, कुणाला तरी लागतील. आजवर कुणाला लागले नाहीत, आई. मी मात्र ते वाचते.

आता हॉस्पिटलातली ती सकाळ. मला ती लिहायची नव्हती, पण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. तू पंधरवड्यात इतकी लहान झाली होतीस की उशीच मोठी वाटायची. मामा खुर्चीत बसला होता, मी तुझ्या पायांशी. तू त्याचा हात शोधलास आणि म्हणालीस, “भाऊ, मले माफ कर. तो कागद माह्या टेबलावर होता.” इतक्या वर्षांत तू त्याला पहिल्यांदा हे तोंडानं म्हणालीस. मामाचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता तो म्हणेल की कशाची माफी ताई, तुझं काय चुकलं. एवढंच तर म्हणायचं होतं. तो म्हणाला, “झोप ताई,” आणि हात तसाच धरून बसला. तू डोळे मिटलेस. मी मामाकडे पाहत राहिले. त्याला माझी नजर दिसत नव्हती, तरी त्यानं मान फिरवली. चारच दिवसांनी तू गेलीस.

मी त्याला माफ केलं नाही. भिलाईला गेले की बाबांना भेटून परत यायची. मामाचं अपघातानंतर लग्न झालं होतं, आता तो भिलाईतच कोहक्याला मुलाकडे राहायला गेला होता, बाबा म्हणायचे की जाऊन ये, तो विचारतो. मी म्हणायची की वेळ नाही. मरणाऱ्या बहिणीला एक शब्द न देणारा माणूस, एवढंच माझ्या मनात त्याचं उरलं होतं. बाबा गेले तेव्हा तेराव्याला तो आला होता, तेव्हाही मी ताट वाढण्यापलीकडे त्याच्याशी बोलले नाही. अशी बरीच वर्षं गेली.

शेवटी त्यानंच बोलावणं पाठवलं. त्याच्या मुलाचा फोन आला, म्हणाला की बाबूजी तुमची आठवण काढतात, एकदा येऊन जा दीदी. मी गेले. कोहक्याच्या त्या घरात पुढच्या खोलीत तो खाटेवर बसला होता, अंगात स्वेटर, उन्हाकडे तोंड करून. सुनेनं चहा ठेवला आणि ती आत गेली. मामानं आधी माझ्या नोकरीची चौकशी केली. मी सांगितलं की सरकारी पैशानं होणारं संशोधन कपाटात न राहता लोकांपर्यंत जावं, असं माझं काम आहे. “म्हणजे ताईचंच काम,” तो म्हणाला. मी हो म्हटलं. मग तो आदल्या दिवशीची गोष्ट सांगत असल्यासारखा सरळ बोलायला लागला.

“लेडल ओला होता हे मले माहीत होतं. वाफ निघून राहिली होती, माह्या डोळ्यानं पाहिली. पोट्टे मले विचारत होते, मिस्त्री, टाकायचं का. मले पॅसेंजर पकडायची होती. सुकेपर्यंत थांबलो असतो तर गाडी सुटून गेली असती. म्या म्हटलं, काही होत नाई, टाका.”

मी विचारलं की आईला कधी सांगितलं का नाहीस. तो म्हणाला की आधी लाज वाटली, दवाखान्यात सगळे त्याला बिचारा म्हणत होते. मग तुझं पत्रक निघालं, माणसं यायला लागली, आणि तुझ्या जिवाला कशाचा तरी आधार मिळाला आहे असं त्याला दिसलं. आता सांगितलं तर हे सगळं थांबेल, असं त्याला वाटायचं. दर रविवारी तो आज सांगायचंच असं ठरवून यायचा, आणि तू लेडलचं पान वाचायला घेतलंस की त्याला तिथे बसवत नसे. हॉस्पिटलात तू माफी मागितलीस तेव्हा त्याच्या तोंडात शब्द आला होता. “पण तेव्हा सांगून काय करत होतो बेटा? तिनं पुरी जिंदगी ज्याच्यावर काढली, ते मरताना तिच्या हातातून काढून घेऊ? अन् तुह्यं काही चुकलं नाई, एवढंच म्हटलं असतं, तर तिनं विचारलं असतं, मग कोणाचं चुकलं. ताई सोडणारी नव्हती.” ते खरं होतं. तू सोडणारी नव्हतीसच.

मला त्याचा राग यायला हवा होता. तुझ्या सगळ्या रविवारांचा, नळाखालच्या रडण्याचा हिशेब मागावासा वाटायला हवा होता. पण समोर एक म्हातारा होता आणि त्याचा हात चहाचा कप शोधत होता. मी कप त्याच्या हातात दिला. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, म्हणजे आईच्या पत्रकाचा काही उपयोगच नव्हता का मामा, तुला तर आधीच माहीत होतं. त्यानं मान हलवली. म्हणाला, “होता ना. मले माहीत होतं, पण ते माह्या एकट्याच्या मनात होतं. मनातलं माणसाले दाबता येते. तोच कागद तिथं भिंतीवर लागला असता, तर त्या पोट्ट्याईनं मले म्हटलं असतं, मिस्त्री, थांबा.”

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहिलं, आई. तू जन्मभर म्हणत राहिलीस की भावाला सांगायला हवं होतं. भावाला सांगून काही झालं नसतं, ते त्याला ठाऊक होतं. जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्याच्या हाताखालच्या पोरांना, फाटकावरच्या माणसाला, मालकाला, म्हणजे एकाच्या घाईला दुसरा कुणी अडवू शकला असता. तू शेवटी नेमकं तेच केलंस. फक्त ते प्रायश्चित्त म्हणून केलंस, चांगलं काम म्हणून तुला ते एक दिवसही करता आलं नाही. पेढे घेऊन आलेल्या माणसासमोर तुला साधं हसता आलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं. मामाच्या आणि माझ्या वाया गेलेल्या वर्षांपेक्षाही जास्त.

त्यानंतर मी त्याच्याकडे जात राहिले. त्याला आवडतात म्हणून नागपूरहून संत्री न्यायची, तो सोलून आधी मला द्यायचा. तुझा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. तो गेला तेव्हा माझी रजा मंजूर होईपर्यंत सगळं उरकलं होतं.

एक गोष्ट राहिली. मी नवीन अधिकाऱ्यांचे वर्ग घेते. सरकारी खर्चानं झालेलं संशोधन उघडं का ठेवायचं, हे नियमांनी कुणाच्या मनावर ठसत नाही, म्हणून तुझी गोष्ट सांगते. सेक्टर सहाचं घर, टेबलावरचा कागद, पाटावर जेवणारा भाऊ. तू सांगायचीस तशीच, अजूनही. परवा एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, तुमच्या मामांना खरंच आधी काही माहीत नव्हतं?” “नाही, नव्हतं,” मी म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली.